कलईची रकाबी

देवासला आमच्या घरी खांडेनवमीला बोकड पडे. बोकड एक, वाटे तीन. काळीज आणि गुर्दे बाहेरच्या ओसरीवर पुरुषांकडे जात. त्यांच्या पेल्यांत जे असे त्याला आजी ‘औषध’ म्हणे, आणि औषधाबरोबर तोंडात टाकायला काहीतरी झणझणीत लागतंच. वजडी, मुंडी, चार पाय आणि परातीत धरलेलं रक्त मागच्या दारानं झाडलोटीच्या बाईकडे. उरलेलं मधल्या घरात शिजे. पुरुष, मुलगे, पाहुणे अशा पंगती उठल्या की बायकांच्या ताटात येई तो रस्सा, मानेचे मणके आणि नशीब असेल तर एखादी नळी. नळी ताटाच्या कडेवर आपटून मगज काढायची कला मला आठव्या वर्षी साधली होती ती यामुळंच. एका गावात दोन राजे, थोरली पाती आणि धाकटी पाती, असं आमचं देवास. वाटण्यांची सवय आमच्या पाण्यातच होती. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. मलाही नाही.

म्हणून सव्विसाव्या वर्षापर्यंत मी काळीज चाखलंच नव्हतं. काळजाशी आपली मराठी माणसांची सलगी तर केवढी! काळजाचा तुकडा, काळजाला घरं, काळीज सुपाएवढं. कवितेतलं काळीज छातीत धडधडतं आणि खाटकाकडे मागितलं की तो तागडीत यकृत टाकतो. या घोळाचं मला तेव्हा काही वाटायचं कारण नव्हतं. माझ्या वाट्याला दोन्हीकडून रस्साच होता.

१९८५ मध्ये नवऱ्याची बदली सतवासला झाली. तो वीज मंडळात ज्युनिअर इंजिनिअर. सतवास देवास जिल्ह्यातच, पण नावापुरतं. विंध्याचा डोंगर जिल्ह्याच्या मधून आडवा गेलेला, वर आमचा माळवा आणि खाली नर्मदेचं खोरं. इंदूर-बैतूल रस्त्यानं चापडा मागं पडलं की बस घाट उतरायला लागते, कन्नौद येतं, आणि तिथून आत सतवास. उतरताना खिडकीतून येणारी हवा एकदम कोमट होते. निघताना आजी म्हणाली, “खाली चाललीस ग बाई.” तिच्या तोंडी ‘खाली’ म्हणजे नकाशातलं खाली नव्हतं.

भाड्याच्या दोन खोल्या, मागं सामाईक अंगण, अंगणात कडुनिंब आणि हातपंप. अंगणापलीकडं खाला राहायची. ती नेमकी कुणाची मावशी हे मला तीन वर्षांत कळलं नाही. अख्खी गल्ली तिला खालाच म्हणे. नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान, चार मुलगे, मुलगी नाही. पहिले काही महिने आमचं बोलणं हातपंपापुरतं. ‘पहले तू भर ले,’ ‘नहीं, आप.’

पुढच्या पावसाळ्यात मला दिवस होते. चौथा महिना. तोंड कागदासारखं पांढरं, जिना म्हणून घरात नव्हता तरी उंबरा ओलांडताना धाप लागे. नर्सबाई येऊन लाल गोळ्यांची पुडी देऊन जायच्या. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या त्या गोळ्या, सरकार १९७० पासून गरोदर बायकांना देतंय. त्या पोटात गेल्या की मळमळून येई, म्हणून मी त्या कडुनिंबाच्या बुंध्याशी पुरत असे. दोष माझाच. (झाड त्या वर्षी जरा जास्तच तरारलं, असं नवरा पुढं कितीतरी वर्षं पाहुण्यांना सांगे.) कन्नौदला जाऊन रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सातच्याही खाली.

आणि मला मातीची तलफ लागली. पाऊस पडून भिंत भिजली की तोंडाला पाणी सुटे. डोहाळे म्हणून बायका हसतात त्यातलं हे नव्हे. दारूड्याला गुत्ता दिसावा तशी मला भिंत दिसे. एका दुपारी मी हातपंपामागच्या भिंतीचे पोपडे नखांनी काढून तोंडात टाकत होते, आणि मागं खाला उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी हात पदराआड घेतला. ओठाला माती तशीच. तिनं जवळ येऊन माझ्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून पाहिली, डॉक्टर बघतात तशीच, आणि म्हणाली, “ये मिट्टी की भूख नहीं है बेटा. खून की है.”

डॉक्टरी भाषेत याला पायका म्हणतात आणि रक्तातलं लोह घटल्याची ती एक खूण आहे, हे मी पुढं विज्ञानाची शिक्षिका झाले तेव्हा वाचलं.

त्या वर्षी बकरी ईद ऑगस्टमध्ये आली. सकाळपासून झड. ईदच्या नमाजाहून आल्यावर कुर्बानी होते, आणि तोवर घरातली मोठी माणसं पोटात काही घालत नाहीत. मग सगळ्यात आधी शिजतं ते काळीज, कारण त्याला वेळ लागत नाही, आणि त्याच्यावरच सगळे तोंड उघडतात. हे मला माहीत नव्हतं. मला फक्त माझ्या ओट्यावरून समोरचं दिसत होतं. खालाचा नवरा आणि चौघे मुलगे पांढऱ्या कपड्यांत पडवीत रांगेनं बसलेले, पाचांचीही नजर चुलीकडे. लोखंडी तव्यावर काहीतरी चरचरत होतं. त्या वासानं मला उमासा येईल असं वाटलं, आला नाही. खालानं तवा उतरवला, एक रकाबी भरली, तिच्यावर दुसरी पालथी घातली आणि पाचही माणसांच्या पुढ्यातून, पावसात, डोक्यावर पदर ओढून, ती सरळ अंगण ओलांडून माझ्याकडे आली.

मी मागं सरकले. तोंडातून निघालं ते आजीचं वाक्य, जसंच्या तसं. “हमारे यहाँ औरतें नहीं खातीं.”

खालाला राग आला नाही. तिनं जरा विचार केला. मग म्हणाली, “तो अंदर जो है, वो मान ले लड़का है. उसके लिए खा.”

आत मुलगी होती, पण हे तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. मी हसले आणि हसताना तोंड उघडलं. तेवढ्यात तिनं घास भरवला. बाहेरून किंचित कडक, आतून लोण्यासारखं, मग एक करकरीत कडवट गोडी आणि शेवटी जिभेवर उरणारी लोखंडाची चव. ओल्या भिंतीत मी जे शोधत होते ते हेच, हे जिभेनं ओळखलं. रकाबी मी बोटांनी पुसून खाल्ली. पडवीत पाच माणसं अजून ताटकळत होती. खाला दारातच उभी राहिली, माझं संपेपर्यंत.

नंतर दर आठवड्याला ती काळीज आणी, कधी तिल्ली. पैसे घेईना. मीठ शेवटी टाकायचं, आधी टाकलं तर काळीज चामडं होतं, हे तिनं त्याच महिन्यात शिकवलं. आणि गोळ्यांचं बिंग फुटल्यावर रोज रात्री समोर उभी राहून त्याही गिळायला लावल्या. तेव्हा आठव्या महिन्यात रक्त दहाच्या वर गेलं ते काळजानं की गोळ्यांनी, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. जानेवारी १९८७ मध्ये मुलगी झाली. खाला देवासला बघायला आली, आजीनं तिला ओसरीवर बसवून चहा दिला. कप वेगळा होता. खालानं तो पिऊन झाल्यावर स्वतःच विसळून पालथा घातला. तेव्हा मी बाळाकडे बघत राहिले.

शाळेत शिकवताना हा धागा मी ओढत बसले. अमेरिकेत जॉर्ज व्हिपल यांनी कुत्र्यांचं रक्त काढून, मग काय खायला घातलं की रक्त लवकर भरून येतं ते पाहिलं होतं. काळीज सगळ्यांत सरस ठरलं. त्यावरून मायनट आणि मर्फी यांनी १९२६ मध्ये, तेव्हा जीवघेण्या मानल्या जाणाऱ्या एका निराळ्या रक्तक्षयाच्या रोग्यांना रोज पाव किलोच्या आसपास काळीज खाऊ घालून वाचवलं. तिघांना १९३४ चं नोबेल मिळालं. त्याच सुमारास ल्यूसी विल्स नावाच्या डॉक्टरबाई मुंबईला आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायका पांढऱ्याफटक का पडतात याचा त्यांनी शोध घेतला. काळजानं गुण येई, पण ते गरिबांना परवडणार कसं? त्यांना उतारा सापडला मार्माइट या यीस्टच्या स्वस्त चाटणात, आणि १९३१ मध्ये त्यांनी तो जाहीर केला. त्यातलं गुणकारी द्रव्य ते फॉलिक ॲसिड, म्हणजे मी कडुनिंबाला घातलेल्या लाल गोळीतलं. हे मी नववीच्या वर्गात दरवर्षी सांगत असे. सांगताना डोळ्यांपुढं पापणी ओढणारा तो अंगठा असे, त्याचं नाव मात्र कुठल्या पुस्तकात नव्हतं.

मुलगी वर्षाची झाली त्या थंडीत मी खालाला म्हटलं, मला ओझडी शिकव. ओझडी म्हणजे आपली वजडी. तिनं आधी उडवून लावलं. मग एका रविवारी हातपंपाशी दोन परातींत अख्खं पोट आणून ठेवलं. सुरीनं चीर देताच आतून हिरवागार, ऊन ऊन चोथा सांडला. खालानं त्यात बोट घालून बाभळीच्या शेंगेचं बी काढून दाखवलं. “नाले के उस तरफ चरी है,” ती म्हणाली. जनावर कुठं चरलं ते तिला त्याच्या पोटात वाचता येत होतं. चोथा जाऊन धुतल्यावर आतला कपडा दिसला. एक भाग टॉवेलसारखा लवदार, एक मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार, एक पानापानांचा, वही मिटून ठेवावी तसा. पाणी कढत हवं, पण उकळतं नको. उकळतं ओतलं की काळं अस्तर आवळून धरतं आणि मग देवाच्यानंही निघत नाही. माझं पहिलं पोट तसंच वाया गेलं. दुसऱ्या खेपेला बोट जेमतेम बुडवता येईल इतक्या पाण्यात, चुना चोळून, बोथट चमच्यानं खरवडत गेले, तर अस्तर पापुद्र्यांनी सुटलं आणि खालून पांढरंशुभ्र निघालं. दोन तास लागले. पाठ मोडली, नखांतला वास तीन दिवस गेला नाही. आलं, हळद घालून कुकरच्या आठ शिट्ट्या, मग कांद्याखोबऱ्याच्या वाटणात.

चमचा खरवडता खरवडता मला देवासचं मागचं दार आठवलं. ‘एवढी वजडी देतो तिला, वर्षाचा सण होतो तिचा,’ असं आजी उपकाराच्या सुरात सांगे. सण कसला, दोन तास पाठ मोडायचं काम आम्ही तिच्या पदरात टाकत होतो, तेही आमच्या घरची भांडी घासून झाल्यावर. ती घरी जाऊन त्याचं काय करायची, रक्त मीठ घालून गोठवून वड्या पाडायची की परतायची, मुंडी कशावर भाजायची, हे वीस वर्षांत घरातल्या एकाही बाईनं विचारलं नव्हतं. मी विचारायचं ठरवलं. दिवाळीला गेले तर ती त्याच वर्षी वारली होती. २०१५ मध्ये शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हाती आलं. मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघरांचं ते पुस्तक. मी ते वाचत होते आणि पानापानाला तिच्या हाताचं काय काय आमच्या घरानं ऐकूनही घेतलं नाही याचा हिशेब लागत होता. मागच्या दारानं आम्ही फक्त देत होतो हा आमचा समज. तिच्याकडून घेण्यासारखं होतं ते सगळं दारातच राहिलं.

खालाची ओझडी मात्र मी लिहून घेतली. तिला ते हास्यास्पद वाटलं. ती चिमूट टाके, मी चिमूट पकडून चमच्यात मोजे. माळव्यात लिहिलेला स्वयंपाक म्हणजे राजांचा. मांडूच्या गियासशाहनं १५०० च्या आसपास आपल्या आवडीचे पदार्थ लिहून घेतले, तो ‘निमतनामा’ आज लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याच्या पन्नास चित्रांतून मिशाळ सुलतान चुलीशेजारी बसून हुकूम सोडताना दिसतो. सैलान्याच्या महाराजांचं शाही पाककृतींचं पुस्तकही १९८२ मध्ये आलंच होतं. माझ्या वहीत एक ओझडी, एक कलेजी आणि पायाचा रस्सा. हळदीचा एक अंगठा उमटलाय त्या पानावर, तो कुणाचा ते आता सांगता येत नाही.

१९८८ मध्ये बदली आली. ती ईदची रकाबी तेव्हाही माझ्याकडेच होती. तांब्याची, आतून कलई, काठावर ठिपके ठोकून उर्दूत कोरलेलं नाव. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, आणि तिच्या रकाबीत साधंसुधं काही घालून द्यायला माझा जीव होईना. होळीला पुरणपोळी घालून देऊ म्हटलं, तर होळीला मुलगी तापानं फणफणलेली. राखीला खीर देऊ म्हटलं, तर त्याआधीच ऑर्डर आली आणि दोन दिवसांत ट्रक. सामान लावताना रकाबी साड्यांच्या ट्रंकेत गेली. इंदूरला ती सापडली तेव्हा मी तिला चिंचेनं घासून पुसून फळीवर उभी केली. पत्र एक लिहिलं, उत्तर आलं नाही. पुढं मीही लिहिलं नाही. इंदूर ते सतवास बसनं दिवसाभरात जाऊन येता येतं. तरी एकतीस वर्षं लागली.

मधल्या काळात तोंड बाकी धीट झालं. वसईला एका घरी नाताळच्या तिसऱ्या दिवशीचं सोरपोतेल खाल्लं. डुकराचं काळीज, हृदय, जीभ, सगळं चण्याएवढं कापून व्हिनेगर-मसाल्यात मुरवलेलं. पोर्तुगीजांनी आणलेला पदार्थ, त्यांनी तो ब्राझीललाही नेला, आणि रोज नव्यानं गरम करावा तसा चढत जातो. भोपाळला पहाटे पाये खाल्ले. पहिला घास उचलताना प्रत्येक वेळी जरा थांबे. कुणी ताटकळलंय का, ते बघून घ्यायची सवय लागली होती.

मुलगी लग्न होऊन ग्लासगोला गेली. जानेवारी २०१९ मध्ये ती पाच महिन्यांची गरोदर असताना मी तिकडं होते. पंचवीस जानेवारीला तिकडं रॉबर्ट बर्न्स या कवीची जयंती घरोघरी साजरी करतात आणि पानात असतो हॅगिस. मेंढीचं हृदय, काळीज, फुप्फुसं चरबी-कांद्यासकट बारीक करून ओटच्या भरड्यात कालवायची, आणि तिच्याच पोटात भरून शिजवायची. आता पोटाऐवजी बहुधा तयार आवरण असतं. या पदार्थावर बर्न्सनं १७८६ मध्ये कविता लिहिली. ती म्हणत म्हणत यजमान त्या गोळ्यात सुरी खुपसतो आणि वाफ उसळते. जावयाच्या मित्राच्या घरी मी ते पाहत होते आणि वाफेबरोबर आला तो मिरपुडीतला काळजाचा वास. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी उत्साहानं मुलीच्या ताटात वाढायला गेले, तर तिनं हात आडवा धरला.

“आई, मला चालत नाही. लिव्हर नाही खायचं म्हणून सांगितलंय.”

मिडवाइफनं दिलेल्या कागदावर खरंच होतं तसं. काळजात अ जीवनसत्त्व इतकं असतं की गर्भाला अपाय होऊ शकतो, सबब गरोदरपणी काळीज वर्ज्य, हॅगिससुद्धा. ज्यावर ही पोरगी पोसली तेच तिच्या पोटातल्याला मना. मी विज्ञानाची मास्तरीण, वाद घालणार कशी? तिचं रक्त उत्तम होतं, भिंती कोरड्या होत्या. तिचा वाटा माझ्या ताटात आला. मी दोन्ही खाल्ले, बाजूचे सलगम-बटाटे तसेच राहिले. रात्री तिला सगळं सांगितलं, पावसासकट. ती म्हणाली, “मग ताट दिलंस का परत?”

सप्टेंबरात मी सतवासला गेले. रकाबीत बेसनाचे लाडू, वर फडकं. घाट रुंद झालाय. अंगण अर्धं बांधून काढलेलं, कडुनिंब मात्र होता, आणि हातपंपाच्या जागी मोटर. खाला जाऊन दहा वर्षं झाली होती. दार उघडलं ते धाकट्या सुनेनं. मी कोण ते सांगितलं. तिला ठाऊक होतं. “मिट्टी वाली बाई,” ती म्हणाली आणि तोंडावर ओढणी धरून हसली. घरात माझं नाव तेच पडलं होतं तर.

तिनं लाडू डब्यात काढून घेतले, रकाबी धुतली, ओढणीनं पुसली आणि उजेडात धरली. ती मदरशात शिकलेली, उर्दू वाचता येणारी. काठावरचं नाव तिनं हळूहळू, ठिपक्यांवरून बोट फिरवत वाचलं. मग पुन्हा वाचलं.

“ये हमारी नहीं है.”

नाव खालाचं नव्हतंच. पलीकडच्या गल्लीतल्या एका घराचं होतं. ईदला भांडी कमी पडतात, कुणाची तरी मागून आणलेली. एकतीस वर्षं मी चिंचेनं घासत होते ते नाव कुणा तिसरीचंच. खालानंही ती कधी परत केली नसणार. केली असती कशी, ती माझ्याकडं होती. मी विचारलं, ते लोक कुठं आहेत? ते मुलीकडं हरसूदला गेले, सून म्हणाली, फार वर्षं झाली. हरसूद नर्मदेपल्याड. २००४ मध्ये अख्खं गाव रिकामं केलं, लोकांनी स्वतःची घरं स्वतःच्या हातांनी पाडली आणि इंदिरा सागरचं पाणी वरून गेलं. “छनेरा में बसे होंगे,” ती म्हणाली, “या कहीं और.”

मी रकाबी तिच्यापुढं सरकवली. तिनं ती परत माझ्याकडं सरकवली, मग थांबली, उचलून आत गेली. घरात त्या दिवशी शिजलेलं काही नव्हतं. येताना रकाबीत चार भुट्टे होते, सोलून, मिठाच्या पुडीसकट.

“खाली कैसे दूँ,” ती म्हणाली.